झिजण्यासाठी लावलेला थर

खंडेनवमीला लातूर-नांदेड रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरांपुढे सकाळपासून गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, पिकअप, काळी-पिवळी जीप, उसाचे ट्रक, मधूनच एखादी नवीकोरी मोटार. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चाकांच्या खोबणीतली काळी माती सुटते, शॅम्पूचा फेस चढतो आणि हौशी मालक वर पॉलिशचा हातही मारून घेतो. मग बोनेटवर हळदी-कुंकवाची बोटं, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आता या सगळ्यात पूजा नेमकी कुणाची झाली? देवाची, यंत्राची, की ‘हे माझं आहे’ या भावनेची?

उत्तर शोधायला पॉलिशपासूनच सुरुवात करायला हरकत नाही. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ऊन, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्याला हळूहळू खातात. त्यावर मेण लावलं की आधी मेण झिजतं, रंग वाचतो. या कामासाठी नावाजलेलं कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. तो मुलूखही मराठवाड्यासारखाच अवर्षणाचा. पानातलं पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच्या पानांवर हे मेण चढवतं.

लावायची रीतही निगुतीची. गाडी सावलीत उभी करायची, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. भांड्यांचा साबण वापरायचा नाही, कारण तो जुनं मेणही उतरवून नेतो. मग बोटभर मेण पातळ पसरायचं, ते धुरकट दिसू लागलं की मऊ फडक्याने पुसून काढायचं. काही महिन्यांत ते झिजतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

असे थर या भागातल्या देवघरांना नवे नाहीत. लातूर, औसा, निलंगा, उदगीर भागातले लिंगायत ज्या इष्टलिंगाची तळहातावर पूजा करतात, त्या छोट्या दगडी लिंगावर राख, तेल वगैरेंचा काळा टिकाऊ लेप असतो. झीज होऊ नये म्हणून तो दिलेला. भक्त आयुष्यभर पाहतो तो लेप. आतला दगड त्याला दिसत नाही. माहूरच्या रेणुकेचा तांदळाही शेंदराने माखलेला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगीवर पिढ्यान्पिढ्या चढलेला हजार किलोंहून अधिक शेंदूर 2022 मध्ये उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप पाहून भाविक चकित झाले. म्हणजे ज्याने मूर्ती जपली त्यानेच ती झाकलीही होती. भक्तीचा थर वाढतच गेला, तर तो कधी आड येऊ लागतो ते भक्तालाही कळत नाही.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये दिवाळीच्या सुमारास तख्त इस्नान होतो. भाविक गोदावरीतून घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्त धुतलं जातं. गुरू गोविंदसिंगांची शस्त्रंही या वेळी स्वच्छ होतात. 1708 मध्ये गुरूंचा अंत नांदेडमध्येच झाला. त्यानंतर तीन शतकं ही शस्त्रं कुणी लढाईसाठी उचलली नसतील, पण लोखंडाला गंज चढायचा थांबत नाही. वर्षातून एकदा तरी त्याला हात लागलाच पाहिजे. इथे श्रद्धा आणि देखभाल वेगळ्या करू पाहणाऱ्याची पंचाईत होते.

खरी उकल मात्र पोळ्यात सापडते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाला धुऊन पुसून त्याच्या खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद लावून तो चोळतात. शिंगांचा रंग, अंगावरची झूल, गळ्यातल्या घुंगरमाळा हे सगळं दुसऱ्या दिवशीचं, गावाने पाहावं म्हणून. आदल्या संध्याकाळी हात जातो तो जिथे वर्षभर जू बसलं, कातडं घट्टे पडून जाड झालं, त्याच जागी. तिथे शोभेचा काही संबंध नाही. आपल्यासाठी कोण, कुठे झिजलं याची ती कबुली आहे. दुसऱ्या दिवशी बैल कामाला जुंपायचा नाही, हाही त्याच कबुलीचा भाग.

या कसोटीवर गाड्याही तपासता येतात. काळी-पिवळी चालवणारा माणूस दाराच्या मुठीजवळचा उडालेला रंग, पायरीवरचा गंज पुसतो, तिथे मेण जरा जास्त देतो. हजारो प्रवाशांचे हात-पाय लागून जी जागा झिजली, तिची तो निगा राखतो. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तशी एखादी गाडी हौसेने घेऊन कुणी ती वर्षभर कव्हरखाली ठेवली आणि दर महिन्याला चकाकवली, तर मेण तेच, हातही तसाच, पण कबुली द्यायला झीजच झालेली नसते. निगा आणि आसक्ती यांतला फरक असा गाडीच्या वापरात दिसतो. चकाकीवरून तो ओळखता येत नाही.

यावर संतपरंपरेचा आक्षेप ठरलेला: बाहेरून धुऊन आतला मळ जात नाही. पण गाडगेबाबा (1876–1956) कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. बाहेरची सफाई त्यांना फोल वाटत नव्हती. स्वतःला पवित्र ठरवण्यासाठी केलेली धुलाई फोल आणि सगळ्यांच्या वापराची जागा झाडणं हे भजन, असा तो हिशेब होता. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक म्हणजे श्रम हीच पूजा मानली. त्यात श्रमाचं फळ एकट्याने ठेवून घ्यायची सोय नव्हती.

पाण्याचा प्रश्न इथेच येतो. 2016 चा गुढीपाडवा 8 एप्रिलला होता. नव्या गाड्या घरी आणायचा हा मुहूर्त. त्या दिवसांत लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी होती, मांजरा धरण कोरडं पडलं होतं. चारच दिवसांनी, 12 एप्रिलच्या पहाटे, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोचली: दहा वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर. नळी मोकळी सोडून एक मोटार धुवायला 100 लिटर सहज जातात. म्हणजे एक वाघीण आणि 500 चकचकीत गाड्या.

अशा वेळी शुद्धीचं काय करायचं, याची सोय धर्मांनीच करून ठेवली आहे. धर्मशास्त्रात पाण्याच्या स्नानाला पर्याय म्हणून मंत्रस्नान, भस्मस्नान, मानसस्नान अशी गौण स्नानं सांगितली आहेत. इस्लाममध्ये पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करून नमाज पढता येते. तेव्हा पाडव्याच्या गाडीवर फुलाने चार थेंब शिंपडले तरी कुठल्या देवाची तक्रार नसावी.

गाडीच्या रंगाला मात्र मातीची ही सवलत लागू नाही. काळ्या रानातली धूळ कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यातले कण बारीक ओरखडे उठवतात आणि मेणाचा थर वाया जातो. त्यामुळे कितीही दुष्काळ असला तरी अर्धी बादली पाणी आणि दोन फडकी लागतातच: एक ओलं, माती उचलून घ्यायला, आणि दुसरं कोरडं, शेवटचा हात मारायला.