राहत्या घराचे मोल

पतसंस्थेचे अथवा बँकेचे कर्ज थकते, दोन्ही बाजूंची बोलणी होतात, संस्था व्याजाचा काही भाग सोडते, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून देते आणि घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. बीड जिल्ह्यात पाऊस दगा देतो, कापूस हातचा जातो, मध्येच आजारपण येते. मग गहाण पडलेले घर वाचविण्यासाठी अशी तडजोड करावी लागते. परंतु हप्ते सुरळीत चालू असतानाच एके दिवशी संस्थेचे पत्र येते : तारण दिलेल्या घराचे नव्याने मूल्यांकन करावयाचे आहे, तरी येणाऱ्या मूल्यांकनकारास घर दाखवावे. पत्र वाचून घरात चिंता पसरते. हप्ता एकही चुकविलेला नाही, मग घर मोजायला माणूस कशासाठी? किंमत वाढलेली निघाली तर सोडलेले व्याज पुन्हा मागतील काय? आणि किंमत कमी निघावी म्हणून काही झाकून ठेवले, तर ते पाप ठरेल काय? हे प्रश्न केवळ हिशेबाचे नाहीत. म्हणून येथे त्यांचा थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम घराची किंमत म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे; कारण एकाच घराला अनेक किमती असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरपट्टीसाठी केलेली आकारणी ही एक. मुद्रांक शुल्कासाठी शासन जे वार्षिक मूल्यदर तक्ते काढते, ज्यांना आपण रेडीरेकनर म्हणतो, त्यांतून निघणारी दुसरी. राजीखुशीने, घाई न करता विकले तर बाजारात मिळेल ती तिसरी. आणि अडचणीत सापडून, लिलावात विकावे लागले तर हाती येईल ती चौथी, जी बहुधा सर्वांत कमी असते. मराठवाड्यातील जुने घर खणांत मोजले जाई. त्याचे माळवद, ओसरी, भिंतीतली देवळी, आजोबांच्या हयातीत घातलेली तुळई, ही सारी मूल्यांकनाच्या अहवालात ‘जुने मातीचे बांधकाम’ एवढ्या शब्दांत मावतात. याचा राग धरण्याचे कारण नाही. मूल्यांकनकाराने भिंती मोजायच्या असतात, आठवणी नव्हेत. प्रश्न एवढाच, की त्याने काढलेल्या आकड्याचा उपयोग पुढे कोणी कशासाठी करावा.

कर्जदाराच्या घराला हात लावण्याआधी थांबावे, ही जाणीव आपल्या कायद्याला फार पूर्वी झालेली आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून गहाणखते जाळली. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जी स्थावर मिळकत शेतकऱ्याने स्वतः गहाण लिहून दिलेली नाही, ती साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करू नये, आणि फेडीसाठी हप्ते बांधून द्यावेत, असे तत्त्व त्यात आले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांना मिळालेले हे छत्र सीमेअलीकडे पोहोचले नाही. आज मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० येथेही लागू आहे, आणि त्यानुसार शेतकरी, मजूर व घरगडी यांचे राहते घर दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळलेले आहे. परंतु घर आपणच गहाण ठेवले, तर हे संरक्षण त्या गहाणापुढे टिकत नाही. म्हणजे कायद्याने घराभोवती घातलेले कुंपण आपल्याच सहीने उघडले जाते. सही करण्यापूर्वी घरातील दोन्ही माणसांनी, नवऱ्याने आणि बायकोने, हे समजून घ्यावयास हवे.

पूर्वी खेड्यातील घरास बाजार फारसा नव्हता. गावठाणातील घराला नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे बहुधा कागदच नसे, त्यामुळे त्यावर कर्ज देण्यास बँका नाखूश असत. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाण मोजून घरमालकास मालमत्ता पत्रक द्यावे आणि त्या आधारे त्याला कर्जही घेता यावे, हा तिचा एक हेतू आहे. ही सोय आहे आणि तीत धोकाही आहे. कारण ज्या घराला किंमत आली, ते घर जाऊही शकते. दुसरीकडे, अनेक दशके वाट पाहिल्यानंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे रेल्वे धावू लागली. रेल्वे आली की जागांच्या भावाची बोलणी सुरू होतात. समजा, हप्ते बांधून घेतलेल्या एखाद्या कुटुंबाचे घर अशा ठिकाणी आहे आणि त्याची किंमत दीडपट झाली. ही वाढ कोणाची? कुटुंबाने तीसाठी काही केलेले नाही, संस्थेनेही नाही.

येथे पवित्र शास्त्रातील एका जागेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लेवीयच्या सत्ताविसाव्या अध्यायात घराचे मोल ठरविण्याचे काम याजकाकडे दिलेले आहे. कोणी आपले घर देवाला वाहिले, तर ते बरे आहे की वाईट हे पाहून याजकाने त्याचे मोल सांगावे. आणि मालकास ते सोडवून घ्यावयाचे असेल, तर त्याने त्या मोलात पाचवा हिस्सा घालून ते परत घ्यावे. त्याच अध्यायाच्या आरंभी आणखी एक सूचना आहे : नवस करणारा ठरलेले मोल देऊ शकत नसेल इतका गरीब असेल, तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे. यातून दोन गोष्टी निघतात. मोल ठरल्यामुळे मालकाला आपले घर सोडवून घेण्याची वाट दिसते. आणि देणाऱ्याची ऐपत पाहिल्याशिवाय ठरविलेले मोल न्यायाचे ठरत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर सावकाराला बजावले आहे, की तारण घेण्यासाठी शेजाऱ्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, आणि त्यानेच ते बाहेर आणून द्यावे. देणे खरे आहे, तारणही खरे आहे; परंतु उंबरठा त्या गरिबाचा आहे.

या प्रकाशात आपल्या प्रश्नाकडे पाहू. कर्जदाराचे पहिले कर्तव्य सत्याचे आहे. मूल्यांकनाच्या भीतीने घर भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणे, वाढविलेली खोली लपविणे अथवा येणाऱ्या माणसाच्या हाती पाकीट ठेवणे, यांचे समर्थन गरिबीने होत नाही. धनको बुडावा या हेतूने केलेले हस्तांतर कायद्यानेही रद्द होऊ शकते. शिवाय संस्था म्हणजे केवळ दगडी इमारत नव्हे. तिच्या तिजोरीत एखाद्या विधवेची ठेव असते, एखाद्या मुलीच्या लग्नासाठी साठविलेला पैसा असतो. २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात काही मल्टिस्टेट पतसंस्थांच्या शाखांना कुलपे लागली, तेव्हा ठेवीदारांची काय अवस्था झाली, हे आपण पाहिले आहे. एकाच धर्मग्रामात, कधी एकाच घरात, कर्जदार आणि ठेवीदार दोन्ही असतात. म्हणून ‘गरिबाचे सर्व माफ करा’ एवढे म्हणून मोकळे होणे हा न्याय नव्हे.

परंतु धनकोवरही बंधन आहे, आणि ते अधिक जड आहे. कारण आकडा त्याच्या हाती असतो. तडजोड करताना कुटुंबाने आपली स्थिती खरी सांगितली असेल, तर पुढे रेल्वे आली म्हणून ती तडजोड मोडणे म्हणजे दिलेला शब्द फिरविणे होय. राहत्या घराची वाढलेली किंमत हे उत्पन्न नव्हे. ती चुलीवर शिजत नाही, तिने दवाखान्याचे बिल भागत नाही. ती पैशात उतरते ती घर विकल्यावरच. ज्या दिवशी कुटुंब आपल्या राजीखुशीने घर विकून नफा घेईल, त्या दिवशी सोडलेल्या व्याजाची आठवण ठेवणे त्यास शोभेल. तशी अट आरंभीच लिहून घेणेही गैर नाही. पण माणसे त्यात राहत असताना, केवळ कागदावरचा आकडा फुगला म्हणून हप्ता वाढविणे अन्यायाचे आहे. हप्ता हातांच्या कमाईवरून ठरावा, भिंतींच्या किमतीवरून नव्हे. कायद्याचा ओघही याच दिशेचा आहे. बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण विकते तेव्हा आधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते, आणि देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदारास परत करावी लागते. याचा अर्थ, घर तारण आहे ते देण्यापुरते; त्यापलीकडचे सारे त्या कुटुंबाचेच आहे.

आपल्या जिल्ह्यात यास आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने ती फडाजवळच्या कोपीत काढतात, आणि घरी म्हातारी आई व शाळेतील नातवंडे उरतात. गावातले घर राखण्यासाठीच हे कोपीतले जिणे पत्करलेले असते. अशा वेळी, मालक गावी नसताना, बुजलेल्या म्हातारीसमोर टेप टाकून घर मोजणे कायद्यात बसत असेलही. पण उंबरठ्याबाहेर थांबण्याची शास्त्राची आज्ञा त्यात पाळली जात नाही. आधी कळवून, मालकाच्या सोयीचा दिवस ठरवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांत गवगवा न करता हे काम करणे कोणत्याही संस्थेस अवघड नाही.

ज्यांच्या घरी असे पत्र आले आहे, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. दार लावून घेऊ नका. नमुना ८, मालमत्ता पत्रक, हप्त्यांच्या पावत्या एका पिशवीत तयार ठेवा. मूल्यांकन कशासाठी आहे, हे लेखी विचारा आणि अहवालाची प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. घरातील बाईला बाहेर बसवून पुरुषांनीच बोलू नये. त्या छपराखाली तिचे आयुष्य गेलेले आहे. आणि आपल्या धर्मग्रामातील जे बंधू-भगिनी पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, त्यांनी अहवालातील आकडा वाचताना त्या घरात माणसे किती आणि कमावते हात किती, हेही विचारावे. त्या उत्तरासाठी छापील अहवालात रकाना नसतो. तो संचालकांनी आपल्या हाताने आखावा.