मर्म, वर्म आणि अधिकार

मराठीत मर्म आणि वर्म हे शब्द शेजारी नांदतात. ज्याला काव्याचे मर्म कळते त्याला आपण आदराने मर्मज्ञ म्हणतो. ज्याला दुसऱ्याचे वर्म ठाऊक असते त्याची मात्र धास्ती वाटते. वस्तुतः दोघांचे ज्ञान एकाच जातीचे आहे. असे ज्ञान कोणाला द्यावे, हा प्रश्न भारतीय परंपरेने देहाच्या संदर्भात फार पूर्वीच हाताळला आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात 107 मर्मांची गणना आहे. आघाताच्या परिणामानुसार त्यांतील 19 तत्काळ प्राण हरणारी, 33 कालांतराने मृत्यू आणणारी, 44 व्यंग निर्माण करणारी आणि 8 पीडा देणारी मानली आहेत. उरलेली 3 विलक्षण आहेत. भुवयांमधील स्थपनी आणि कानशिलांच्या वर, केसांच्या कडेशी असलेली दोन उत्क्षेप ही ती मर्मे. तेथे रुतलेले शल्य आत असेतो माणूस जगतो; ते उपटून काढताच त्याचा प्राण जातो, असे सुश्रुत सांगतो. कळवळ्याने बाण उपसणारा हातही येथे घातकी ठरतो. सद्हेतू अज्ञानाची भरपाई करू शकत नाही. म्हणूनच सुश्रुताने मर्मज्ञानाला शल्यविद्येचा अर्धा भाग मानले आणि ते शिष्यापासून लपवले नाही. चीनमधील ‘हुआंगदी नैजिंग’ या प्राचीन वैद्यकग्रंथातही सुई कोठे खोल जाता कामा नये, याचे स्वतंत्र विवेचन आहे.

केरळच्या कळरिप्पयट्टूने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तेथे शिष्य आधी अंगमेहनतीने देह घडवतो, मग लाकडी आणि त्यानंतर धातूची शस्त्रे हाती घेतो. मर्मांची विद्या परंपरेने अखेरीस, पारखून घेतलेल्या शिष्यालाच दिली जाते. वैद्याला अज्ञानाचे भय होते, योद्ध्याला ज्ञानाचे.

या गोपनाचे समर्थन करताना त्याची किंमतही मोजली पाहिजे. शिष्याची पारख करणारा गुरूही माणूसच असतो. त्याच्या पारखीत पूर्वग्रह मिसळू शकतो. शिवाय राखून ठेवलेली विद्या पुष्कळदा राखणाऱ्याबरोबरच संपते. आज तर मर्मांचे नकाशे छापील ग्रंथांत कोणालाही पाहता येतात. तेव्हा गुप्तता हाच एकमेव पहारा असेल, तर तो केव्हाच उठला आहे.

तरीही कळरीच्या परंपरेत एक गोष्ट अशी आहे, जी नकाशात छापता येत नाही. कळरीचा गुरुक्कळ परंपरेने आघात शिकवणारा असतो आणि मर्माघातावर उपचार करणाराही तोच. ज्या बोटांना प्रहाराची जागा ठाऊक, त्याच बोटांनी तेल चोळून दुखावलेला देह पूर्ववत करावयाचा असतो. मर्मज्ञानाचा अधिकार ठरवण्याची कसोटी बहुधा येथेच सापडते. ‘हा विश्वासू आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच अनिश्चित राहील. ‘केलेली जखम भरून आणण्याचे दायित्व याने पत्करले आहे काय?’ हे मात्र तपासता येते.

ही कसोटी देहापुरती राहत नाही. वर्मावर बोट ठेवणे हे समीक्षेचेही काम आहे, आणि मैत्रीचेही. ते बोट तेथे कशासाठी गेले आणि त्यानंतर तो हात कोठे होता, यावरून मर्मज्ञ आणि मर्मभेदी यांतला फरक ठरतो.