एक मेच्या चौकटीत

मे महिन्याचे पान उघडले की कॅलेंडरातली पहिलीच तारीख लाल दिसते. महाराष्ट्र दिन, कामगार दिन. डोंबिवलीतल्या एखाद्या घरात त्याच चौकटीत पेनाने आणखी एक शब्द लिहिलेला असतो, ‘रिझल्ट’. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग बाईंच्या हातून प्रगतिपुस्तक आणि त्याच दिवशी गावाला, तिकिटे केव्हाच काढून ठेवलेली. या गर्दीत एक जुनी नोंद कायमची बाहेर राहिली आहे: १ मे १८५४ रोजी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली.

१६ एप्रिल १८५३ ही तारीख मात्र ठाणेकरांना तोंडपाठ. बोरीबंदरहून सुटलेली गाडी, चौदा डबे, चारशे पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. मुरबाडला जन्मलेले जगन्नाथ शंकरशेट गाडीत होते, हेही अभिमानाने सांगितले जाते. थाटामाटाची गोष्ट सांगायला सोपी असते. पण रेल्वेला मुळात ठाण्यात थांबायचेच नव्हते. तिचा डोळा घाटमाथ्यावर होता, खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर होता. मुंबई ते ठाणे हे ३४ किलोमीटर झाले. पुढचे जेमतेम २० किलोमीटर व्हायला आणखी वर्ष लोटले, कारण मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर. खाडीवरचा तो पूल देशातल्या पहिल्या रेल्वेपुलांत मोजला जातो. डोंगराला वळसा घालणारा मुंब्र्याकडचा मार्ग त्या वेळचा. वळसा टाळणारा, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा १९१६चा. रेल्वेचा खरा कस लागला तो ठाण्याच्या पलीकडे, पण वर्धापनदिन अलीकडच्या टप्प्याला मिळाला.

कल्याणला १ मे १८५४ या एका तारखेने जे दिले, ते आजही इंडिकेटरवर दिसते. इथे रूळ फुटले. एक फाटा आग्नेयेला, १८५६च्या मे महिन्यात खोपोलीपर्यंत आणि पुढे बोरघाटाकडे. दुसरा ईशान्येला, १८६१च्या जानेवारीत कसाऱ्यापर्यंत आणि पुढे थळघाटाकडे. म्हणून कर्जत गाडीला ‘एस’ आणि कसारा गाडीला ‘एन’: साउथ-ईस्ट, नॉर्थ-ईस्ट. बदलापूरला जाणारा माणूस चुकून ‘एन’मध्ये चढला आणि शहाड आल्यावर कपाळाला हात लावून उतरला, की १८५०च्या दशकातल्या इंजिनिअरांचा निर्णय त्याला भोवलेला असतो. कल्याणचे जंक्शन होणे, तिथे रेल्वेच्या वसाहती आणि लोकोशेड उभे राहणे, पुढे आजूबाजूला गावांची शहरे होणे, हे सगळे त्याच फाट्यातून आले. एवढे होऊनही त्या दिवसाची शहरात कुठे खूण नाही.

तारीख लक्षात राहते ती घटनेच्या वजनावर, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिला कोणीतरी वाली लागतो. १ मे १९६०ला राज्य सरकार हा वाली आहे आणि शंभराहून अधिक हुतात्म्यांची आठवण आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ती तारीख सिनेमावाल्यांनी सांभाळली. ज्यांना वाली नाही त्यांचे हाल पाहायचे तर गोखल्यांकडे पाहावे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६चा. सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शाळेसाठी एवढा झगडलेला माणूस, आणि त्याच्या जयंतीला शाळेला कुलूप! जून ते एप्रिल यांच्या मध्ये जन्मलेल्या थोरांना फळ्यावर सुविचार आणि टेबलावर हार मिळतो. मेमध्ये जन्मलेल्यांच्या वाट्याला उन्हाळ्याची सुट्टी येते. ७ मे १८८०ला जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे याच रांगेतले.

कामगार दिनाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे मूळ शिकागोतल्या १ मे १८८६च्या संपात, आठ तासांच्या मागणीत आहे, हे भाषणांत येते. पण नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मले, १८४८ साली, हे किती ठाणेकरांना ठाऊक असेल? त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९०च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कॅलेंडरातल्या लाल रविवारांच्या मागे ठाण्याचा माणूस आहे. शिकागोची आठवण काढताना त्याचेही नाव घ्यायला हरकत नसावी.

आणि ८ मे १९७४. त्या दिवशी देशभरातल्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती. लाखो कामगार, वीस दिवस. बोनस आणि कामाचे तास या मागण्यांत होते. अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टर सोडायला लावले गेले. संप मोडला. बोनस आला तो १९७९ साली. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात तरी ही तारीख घरोघर बोलली जायला हवी होती. पण हरलेल्या संपाचा वर्धापनदिन कोण साजरा करणार? सरकार करणार नाही आणि युनियनलाही ते अवघड जाते.

दिवस घडवता येतो, हे ठाणे-कल्याण पट्ट्याला शिकवायला नको. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली. फडके रोडवरची ती कल्पना आज गिरगावापासून ठाण्यापर्यंत जुन्या परंपरेच्या थाटात मिरवते. पंचवीस-सव्वीस वर्षे पुरली. १८५४च्या गाडीसाठी मात्र ना लेझीम, ना ढोलपथक. आणि मिरवणूक काढायची म्हटली तरी १ मेला माणसे कुठे असतात? निम्मी डोंबिवली गावाच्या वाटेवर असते.

उरतात ते ड्युटीवरचे. मोटरमन, गार्ड, ट्रॅकवर हातोडा घेऊन चालणारा गँगमन. सुट्टीमुळे डबे मोकळे, खिडकीजवळ जागा मिळते, नवी मार्कशीट दप्तरात घातलेला मुलगा दारातल्या वाऱ्याला तोंड लावून उभा. कल्याणच्या फलाटावर गाडी लागते आणि इंडिकेटरवर ‘एस’ उमटते.