बंद खाणीचे देणे

खाण बंद झाली की कामगार घरी जातात, फाटकाला कुलूप लागते. पण कोळशाबरोबर वर आलेला दगड-मातीचा मलबा डोंगरावर तसाच पडून राहतो. त्याचा वाली कोण? हा प्रश्न इंजिनिअरचा आहे तितकाच इन्साफाचाही आहे, असे आम्हांला वाटते.

वेल्समधल्या ॲबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी सात नंबरचा ढिगारा घसरून खालच्या शाळेवर आला. १४४ माणसे दगावली, त्यांत ११६ मुले होती. ढिगारा झऱ्यावर रचलेला होता. पाणी मुरले की असा मलबा चिखलासारखा वाहू लागतो. गावाने आधी तक्रारीही केल्या होत्या. चौकशीत सरकारी कोळसा मंडळ दोषी ठरले. शिक्षा मात्र एकालाही झाली नाही.

आमचे मन अडते ते पुढच्या गोष्टीपाशी. उरलेले ढिगारे डोक्यावर नकोत, असे गावाने सांगितले. तेव्हा ते हटवण्याच्या खर्चापोटी गावासाठी जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले! १९९७ साली तेवढीच रक्कम परत आली. (व्याजाचे नाव आपण काढत नाही, पण एवढ्या वर्षांत पैशाची किंमत उतरते, तिचे काय?) वेल्स सरकारने आणखी रक्कम दिली ती २००७ मध्ये.

ढिगारा सुरक्षित करणे म्हणजे वर माती टाकून गवत लावणे नव्हे. आतल्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते, उतार कमी करावा लागतो, चर तुंबू द्यायचे नसतात. हे काम कधी संपत नाही, कंपन्या मात्र संपतात. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउन येथे जुना ढिगारा घसरला. सुदैवाने कुणी दगावले नाही. वेल्समध्ये असे अडीच हजारांहून अधिक ढिगारे आहेत. २०२५ साली त्यांच्यासाठी नवा कायदा झाला.

खोदणारे गेले, मग आजच्या माणसाने का भरावे, असे कुणी विचारील. घरचा माणूस गेला की वाटणीआधी त्याची देणी फेडायची, ही आपली रीत. कोळशावर आगगाड्या, जहाजे, कारखाने चालले. त्या कमाईचे वारस आजही आहेत. वारस कोण, वेल्स की लंडन, यावर अनेक वर्षे वाद झाला. १९४७ पासून खाणी ब्रिटिश सरकारच्याच मालकीच्या होत्या. आमचे बोट लंडनकडेच जाते.