दुवा आणि वाक्यार्थ

शब्द कसे मांडले म्हणजे ऐकणाऱ्याला अर्थबोध होतो, हा भारतीय दर्शनांतील महत्त्वाचा प्रश्न आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायमताच्या ग्रंथात वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे दिली आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. संगणकावरील मजकुरापुढेही हाच प्रश्न आहे. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ (दुव्यांनी जोडलेला मजकूर) ही संज्ञा मांडली, १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव ठेवला आणि पुढे मजकुराचा अर्धा अर्थ दुसऱ्या पानावर ठेवणे नित्याचे झाले. सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन मदतपुस्तिकेत दुवे देतानाही हीच तीन कारणे कसोटी ठरतात.

आकांक्षा म्हणजे एका पदाला असलेली दुसऱ्या पदाची अपेक्षा. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द ओळीने उच्चारले तरी त्यांचे वाक्य होत नाही, कारण एकाला दुसऱ्याची अपेक्षा नसते. ‘इथे क्लिक करा’ हा दुवाही असाच मुका असतो. स्क्रीन रीडर वापरणारे दृष्टिहीन वाचक अनेकदा पानावरील दुव्यांची फक्त यादी ऐकतात. तिथे ‘इथे क्लिक करा’ पुन्हापुन्हा ऐकून काहीच कळत नाही. ‘बॅकअपमधून फाइल परत मिळवणे’ हे शब्द मात्र नेमकी अपेक्षा जागवतात. दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांतून किंवा लगतच्या मजकुरातून कळावा, असे २००८ चे डब्ल्यूसीएजी २.० हे सुलभतेचे निकषही सांगतात.

जागवलेली अपेक्षा पुरी करण्याची पात्रता ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात ती नाही, कारण शिंपण्याचे काम विस्तवाला जमत नाही. फाइल परत मिळवण्याचा दुवा बॅकअपच्या लांबलचक प्रकरणाच्या आरंभी, जुन्या आवृत्तीच्या सूचनांवर किंवा बंद पडलेल्या पानावर नेत असेल, तर त्यातही योग्यता नाही. दुव्याने थेट त्या कृतीच्या मथळ्याशी पोचवले पाहिजे.

सन्निधी म्हणजे पदांचे विलंबाविना एकामागून एक येणे. ‘गाय’ आता आणि ‘आण’ प्रहरभराने म्हटले, तर आज्ञा कळत नाही. म्हणून चालू पायरीला जे अटळ आहे ते तिथेच लिहावे. ‘पुसलेली माहिती परत मिळणार नाही’ हा इशारा दुव्यामागे ठेवणे गैरच. पार्श्वभूमी, संज्ञांचे विवरण आणि अनेक ठिकाणी लागणारी लांब कृती यांसाठी दुवा योग्य; अशी कृती एकाच जागी असली की बदलही एकदाच करावा लागतो. पूरक दुवे पायऱ्या संपल्यावर दिले, तर काम करणाऱ्याचे लक्ष मध्येच मोडत नाही.

धर्मराजाध्वरींद्राच्या ‘वेदांतपरिभाषे’त तात्पर्यज्ञान हे चौथे कारण मानले आहे. प्रत्येक शब्दाला दुवा जोडला की लेखकाचे तात्पर्य हरवते आणि महत्त्वाचे काय, हे ठरवण्याचा भार वाचकावर पडतो. दुवा देण्याआधी लेखकाने निवड केलेली असली पाहिजे.

या सर्वांच्या मुळाशी विश्वास आहे. न्यायमतात आप्ताचे, म्हणजे यथार्थ सांगणाऱ्याचे, वाक्य हे शब्दप्रमाण होय. अडलेल्या वाचकापाशी सूचना पडताळण्याचे दुसरे साधन बहुधा नसते. तो मदतपुस्तिकेलाच आप्त मानतो. दुवा हे त्याला दिलेले वचन आहे. ते प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तपासणे आणि खरे ठेवणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.