रोजच्या खिडकीतून



“आपल्या गावात फोटो काढण्यासारखं आहे तरी काय?” हातात चांगला मोबाईल असलेल्या तरुणांचा हा नेहमीचा प्रश्न. वेलांकणीला गेलो, गोव्याला गेलो की शेकडो फोटो निघतात. घरी परतल्यावर मात्र कॅमेरा खिशातून बाहेर येत नाही. तीच गल्ली, तीच विहीर, तीच केळीची वाडी, तोच नाक्यावरचा क्रूस. यात टिपण्यासारखे काही उरलेच नाही, असे वाटते. वरवर हा प्रश्न छायाचित्रणाचा आहे. पण कंटाळा त्या जागेत असतो की आपल्या पाहण्यात, हा त्यामागचा खरा प्रश्न होय.

कॅमेऱ्याने घेतलेले आणि आजवर टिकून राहिलेले जगातले सर्वांत जुने छायाचित्र कशाचे आहे? राजवाड्याचे नाही, डोंगराचेही नाही. फ्रान्समधील निसेफोर नीएप्स या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्याच घराच्या वरच्या खिडकीतून ते घेतले. धातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन तो पत्रा त्याने कॅमेऱ्यात ठेवला. चित्र उमटायला निदान आठ तास लागले. काही अभ्यासकांच्या मते तर कित्येक दिवस. त्यात दिसतात ती आवारातली छपरे, भिंती आणि एक झाड. रोज उठून जे दिसत होते, तेच.

दुसरे उदाहरण प्राग शहरातील योसेफ सुदेक यांचे. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यामुळे त्यांचा उजवा हात कापावा लागला. बुकबाइंडिंगचा जुना धंदा सुटला आणि ते एका हाताने अवजड कॅमेरा सांभाळत छायाचित्रे काढू लागले. १९२० च्या दशकात प्रागच्या संत व्हायटस महामंदिराचे बांधकाम पूर्ण होत असताना त्यांनी आतले फोटो घेतले. त्यांत उंच कमानींबरोबरच गवंड्यांच्या फळ्या आणि अवजारेही दिसतात. पुढे १९३९ मध्ये जर्मन सैन्याने शहर ताब्यात घेतले. बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले. तेव्हा १९४० पासून सुदेक आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो घेऊ लागले आणि सुमारे १९५४ पर्यंत घेत राहिले. काचेवर साचलेले दव, ओघळणारे पाणी, बर्फ, पलीकडे अंगणातले एक वाकडेतिकडे झाड, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला पेला. चौदा वर्षे एकच खिडकी! जागा तीच राहिली. उजेड, ऋतू आणि वेळ बदलत गेले, आणि ते बदल पाहायला हा माणूस तिथे हजर होता.

मग आपल्याला ते का दिसत नाही? कारण ओळखीची वस्तू आपण पाहत नाही, फक्त ओळखतो. ‘ही विहीर’ एवढे मनाने म्हटले की डोळ्याचे काम संपते. सकाळी सातला तिच्या काठावर पडणारे ऊन आणि संध्याकाळी सहाची सावली वेगळी असते, हे मग ध्यानातच येत नाही.

संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नेमके हेच सांगतात. प्रभू येशू आपल्या गावी, नाझरेथला येतो, सभास्थानात शिकवतो, आणि गावकरी अडखळतात. हा तर सुतार, मरियेचा मुलगा. याचे भाऊबंद आपल्या माहितीचे! त्यांची माहिती चुकीची नव्हती. पण त्या माहितीपुढे त्यांनी पाहिलेच नाही. मोजक्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे प्रभूला तेथे काही करता आले नाही.

आता दुसरी बाजू पाहा. प्रभूचे दाखले आठवा: पिठात कालवलेले खमीर, दिवठणीवरचा दिवा, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई, जुन्या कपड्याला लावलेले ठिगळ. असे सारे नाझरेथच्या घराघरांत रोज घडत असणार. शेजाऱ्यांना त्यात रोजचे काम दिसले. प्रभूला त्यात देवाचे राज्य दिसले. गाव एकच होते.

हा प्रश्न आपल्या घरात अधिक गंभीर होतो. पुष्कळ घरांत एक गोष्ट घडते. वडीलधारे माणूस प्रभूघरी जाते आणि शवपेटीजवळ ठेवायला फोटो शोधला जातो. सहलीचे हजारो फोटो असतात. आईचा मात्र कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढावा लागतो. रोज ओट्याशी उभी असलेली आई टिपण्यासारखी आहे, असे कोणालाच वाटलेले नसते. फोटो नाही, हे दुःख लहान आहे. तिच्याकडे कित्येक वर्षांत कोणी नीट पाहिलेच नव्हते, हे दुःख मोठे.

येथे एक सावधगिरी हवी. तीस वर्षे त्याच स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला ‘खिडकीतला उजेड किती सुंदर आहे बघ’ असे सांगणे सोपे आहे. तिचा कंटाळा कामाच्या ओझ्यातून आलेला असतो. तिच्या थकलेल्या हातांचा सुरेख फोटो काढून आपण निघून गेलो, तर ते पाहणे व्यर्थ. खरे पाहिले की हंडा उचलायला आपला हात आपोआप पुढे होतो. आणि कोणाचाही फोटो घेण्यापूर्वी त्याला विचारावे. माणूस म्हणजे देखावा नव्हे.

ख्रिस्तसभेच्या उपासना वर्षात नाताळ आणि पास्काचे दिवस थोडे. तेहतीस-चौतीस आठवडे सामान्य काळाचे असतात. त्या रविवारी वेदीवर तोच हिरवा रंग, त्याच प्रार्थना, तीच भाकर. आपल्या श्रद्धेचे बहुतेक आयुष्य याच साध्या दिवसांत जाते.

या आठवड्यात एवढेच करून पाहू या. घरातली एक खिडकी निवडावी आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तिच्यापाशी पाच मिनिटे उभे राहावे. फोटो काढला तर उत्तम, नाही काढला तरी चालेल. मग वळून घरातल्या एका माणसाकडे तसेच पाहावे, जणू त्याच्याबद्दल आपल्याला सगळे ठाऊक नाही. आणि खरोखरच ते आपल्याला ठाऊक नसते.

नाझरेथच्या गल्लीत तीस वर्षे राहिलेला प्रभू आपणा सर्वांना अशी दृष्टी देवो.