फिरणारे ओझे

१९८९ साली माझ्दाने काढलेल्या मियाटा या दोन आसनी स्पोर्ट्स कारची चाके अवघी १४ इंचांची होती. शोभेखातर चढविलेली मोठी, जड चाके उतरवून पुन्हा तशीच हलकी चाके बसविताच गाडीत जे चापल्य येते, त्यात मला अपरिग्रहाचा, म्हणजे संग्रह न करण्याचा, जुना प्रश्न दिसतो. आसनामागचे ओझे केवळ पुढे न्यावे लागते; चाकाच्या कडेवरचे न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून त्याला गती देताना ऊर्जेचा खर्च जवळजवळ दुप्पट. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली, हे मला फार मोलाचे वाटते. तिजोरीत निपचित पडलेल्या धनाहून मनात अहर्निश फिरणारी अभिलाषाच जिवाला शिणविते. मात्र ब्रेकला जागा न उरेल इतके लहान चाक बसतच नाही, आणि जैन परंपरेनेही गृहस्थाला सर्वत्यागाचे नव्हे, परिग्रहाच्या परिमाणाचे व्रत सांगितले.